साहेबांचा जोडीदार

अभिमन आधार बाविस्कर जळगावच्या साहेबलोकांच्या क्लबात बावीस वर्षं टेनिस खेळला आणि त्याचा त्याला पगार मिळत होता. या हिशेबाने तो धंदेवाईक खेळाडू होता. पण कुणी त्याला तसं म्हटलं असतं, तर आपल्यामागे कोण उभं आहे हे बघायला तो वळला असता. क्लबात त्याला मार्कर म्हणत. मार्करने पहाटे कोर्टावर पाणी मारायचं, मुरूम आणि पिवळी माती बसवून रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेषा ओढायच्या, दुपारी साहेबांच्या रॅकेटचं तुटलेलं गट, म्हणजे तारा, ओढून द्यायचं, आणि संध्याकाळी पांढरी पँट चढवून चौथा भिडू म्हणून उभं राहायचं. यातली सकाळची कामं कुणाला दिसत नसत. संध्याकाळचं कामही दिसू नये अशीच अपेक्षा असे.

साहेबलोक डबल्सच खेळत. अख्खं कोर्ट एकट्याने पळायचं त्यांचं वय राहिलेलं नसे आणि पोटही तशी परवानगी देत नसे. तिघे जमले की हाक यायची, ‘अभिमन, ये.’ मग चौघांत जो सगळ्यांत कच्चा, त्याचा जोडीदार अभिमन. नवा साहेब बदलून आला की पहिल्या दिवशी अभिमन त्याच्या बाजूला उभा राही आणि दोन गेममध्ये त्याला साहेबाचं सगळं कळे. गुडघा कुठला दुखतो, कुठला चेंडू झेपत नाही, आणि कुठे बोट लावलं तर साहेब चिडेल. बँकेचे एक मॅनेजर होते. त्यांची सर्व्हिस जाळीत गेली की ते रॅकेटकडे रागाने बघत. अभिमन लगेच जवळ जाऊन तारा दाबून बघे आणि म्हणे, ‘गट सैल पडलंय, साहेब.’ मॅनेजरांचं समाधान होई. ते गट अभिमननेच आदल्या दिवशी ताणून बसवलेलं असे, पण ती गोष्ट वेगळी.

साहेब जिंकला पाहिजे, आणि तो स्वतःच्या हिमतीवर जिंकला असं त्याला वाटलं पाहिजे. एवढंच त्याचं काम होतं, आणि ते वाटतं त्यापेक्षा फार अवघड होतं. चेंडू मारायचा तो असा, की समोरच्याने तो परत द्यावा साहेबाला सोपा जाईल अशा उंचीवर. पुढचा फटका साहेबाने मारायचा, टाळ्या साहेबाला. अभिमनचे हात जाळीपाशी इतके मऊ होते की चेंडू रॅकेटवर आल्याचा आवाजही नीट येत नसे. हे कुणी बघितलं असतं तर थक्क झालं असतं, पण मार्करच्या हातांकडे बघायला कोण बसलंय?

सिंगल्स तो आयुष्यात एकदाच खेळला. एकोणीस वर्षांचा असताना नागपूरहून पाहुणे म्हणून आलेले एक कॅप्टन म्हणाले, ‘चल, एकटा खेळतोस का?’ अभिमनने त्यांना सहा–एक हरवलं. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं की आपल्याला खेळता येतं. संध्याकाळी क्लबच्या सेक्रेटरींनी त्याला व्हरांड्यात उभं करून शांतपणे सांगितलं, की पाहुण्यांना खेळवायचं असतं, हरवायचं नसतं. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. त्यानंतर एकट्याने खेळायची वेळ त्याने येऊ दिली नाही.

या सगळ्या साहेबांत राजोपाध्ये साहेब त्याच्या वाट्याला सगळ्यांत जास्त आले. ते इंजिनिअर होते. उंच, गोरे, मनाने दिलदार. त्र्याऐंशीपासून शहाऐंशीपर्यंत तीन वर्षं, पावसाळा सोडून रोज संध्याकाळी, अभिमन त्यांचा जोडीदार होता. साहेबांचा उजवा हात झकास चाले. पण डाव्या खांद्यावरून मागे जाणारा उंच चेंडू त्यांना दिसतच नसे. मान वळवायची, पाय मागे टाकायचे, हे त्यांच्या अंगात नव्हतंच. पहिल्याच आठवड्यात अभिमनने हे ओळखलं. मग तसा चेंडू वर चढला की तो मागून तिरका धावत यायचा आणि ओरडायचा, ‘माझा, साहेब!’ साहेब निवांत उभे राहायचे. तीन वर्षांत त्यांच्या डाव्या खांद्यामागे एकही चेंडू पडला नाही. क्लबातही कुणाला त्यांची ही खोड कळली नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर धुळ्याची एक जाहिरात पेपरात आली. तिथल्या नव्या क्रीडांगणासाठी टेनिसचा मार्गदर्शक हवा होता. कायम नोकरी, मागे पेन्शन. शिक्षणाची अट साधी होती, अनुभवी माणसाला वयाची सूट होती. एकच गोष्ट सक्तीची होती: जिल्ह्याच्या किंवा त्यावरच्या खुल्या स्पर्धेत विजेता असल्याचं प्रमाणपत्र. अभिमनने ती जाहिरात कात्रीने कापून आणली आणि बायकोला, द्रौपदाबाईला, वाचून दाखवली. ती धान्य पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

‘तुम्ही इतला वरीस खेळनात,’ ती म्हणाली, ‘आनि एक कागद नही शे तुमनाजोडे?’

नव्हता. क्लबाच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत जिंकलेल्यांची नावं होती. त्यांतल्या निम्म्या साहेबांच्या बाजूला सरावाच्या प्रत्येक संध्याकाळी अभिमन उभा होता, पण स्पर्धा लागली की मार्करला मनाई असे. क्लबाच्या नियमांच्या पुस्तकात तसं छापलेलंच होतं: पगार घेऊन खेळणाऱ्याला प्रवेश नाही. ज्यांना खेळायचा पगार मिळत नव्हता त्यांच्याजवळ प्रमाणपत्रं होती, आणि ज्याला मिळत होता त्याच्याजवळ काही नव्हतं. अभिमनला आतापर्यंत याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर गुडघे बोलायला लागले होते, क्लबात त्याची नोकरी तोंडी होती, आणि एखादा सेक्रेटरी उद्या ‘पुरे’ म्हणाला तर त्याने जायचं कुठे? तेव्हा आता वाईट वाटलं.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात धुळ्याच्या क्लबाने पहिल्यांदा डबल्सची जिल्हास्तरीय खुली स्पर्धा ठेवली. पगारी, बिनपगारी, कुणीही यावं. जिंकणाऱ्या जोडीला कलेक्टरांच्या सहीचं प्रमाणपत्र. हरणाऱ्यांना हस्तांदोलन. अभिमनने जोडीदार म्हणून चुडामणला विचारलं. चुडामण मूळ दोंडाईचाचा, जळगावला पाइपांच्या कारखान्यात कामाला, तिशीतला. रविवारी क्लबाच्या मागच्या कोर्टावर अभिमनकडून शिकत शिकत तो जोरदार खेळू लागला होता. चेंडूवर राग असल्यासारखा मारायचा. अभिमनने सारं सांगितल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘चाला भाऊ. तुमना कागद लई येऊत.’ कागद घेऊनच यायचं ठरलं.

जानेवारीत एरंडोल, पारोळा करत एसटीने दोघे धुळ्याला गेले. चुडामणच्या मावशीकडे, भिकुबाईकडे, उतरले. तीन दिवसांत चार सामने जिंकले. अभिमनला पहिले दोन सामने फार चमत्कारिक वाटले. बाजूला उभा असलेला माणूस स्वतःचं स्वतः सांभाळत होता. त्याला झाकायचं नव्हतं, त्याच्यासाठी चेंडू सोपा करायचा नव्हता. मधोमध आलेल्या चेंडूपासून अभिमन सवयीने हात मागे घ्यायचा आणि चुडामण ओरडायचा, ‘घ्या ना भाऊ!’ तिसऱ्या सामन्यापासून तो घ्यायला लागला. जाळीपाशी त्याने दोन-तीन चेंडू असे अलगद टाकले की बघणारे उठून उभे राहिले. त्या टाळ्या आपल्या आहेत हे समजायला त्याला जरा वेळ लागला. समजल्यावर मात्र त्याला फार बरं वाटलं.

अंतिम सामन्यात समोर राजोपाध्ये साहेब होते.

बदलून ते धुळ्यालाच आले होते, आणि इथल्या कॉलेजच्या एका तरबेज प्राध्यापकांबरोबर खेळत होते. अभिमनला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. ‘अरे अभिमन! तू इथे?’ म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आदल्या संध्याकाळी त्यांचा खेळ अभिमनने कुंपणाशी उभं राहून बघितला होता. प्राध्यापक इतके पळत होते की साहेबांच्या खांद्यामागचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अभिमनच्या आलं होतं.

सामन्याच्या सकाळी चुडामणने विचारलं, ‘भाऊ, तुम्ही तं त्यासनासंगे तीन वरीस खेळनात. काय कच्चं शे त्यासनं?’

‘चांगलं खेळतात,’ अभिमन म्हणाला.

तो खोटं बोलला, आणि का बोलला ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. साहेबांची भीती नव्हती. साहेब आता त्याचे कुणी लागत नव्हते. पण एखाद्या घरी वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाने त्या घरातलं बाहेर सांगू नये, तसं काहीतरी त्याला वाटत होतं. तीन वर्षं जे जिवापाड झाकलं ते आपणच उघडं करायचं?

पहिला सेट गेला. दुसरा चुडामणच्या जोरावर कसाबसा आला. मधल्या विश्रांतीत चुडामणने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि अभिमनकडे रोखून बघत म्हणाला, ‘तुमले माहीत शे. तुमना तोंडवर दखास माले. काबरं लपाडी राह्यनात? नोकरी तुमले पाहिजे का त्यासले?’

अभिमनने टॉवेलने तोंड पुसलं. टॉवेलमध्येच तोंड ठेवून तो म्हणाला, ‘डाव्या खांद्यावरून उंच.’

त्यानंतर सामना एकतर्फी झाला. चुडामणने पहिला उंच चेंडू साहेबांच्या डोक्यावरून टाकला. साहेब जागचे हलले नाहीत. चेंडू त्यांच्या मागे चार हातांवर पडला, तेव्हा त्यांनी मान वळवून मागे बघितलं. चेंडूकडे नाही, कुणीतरी तिथे असायला हवं होतं तिकडे. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा ते मागे जायला गेले, पाय अडखळला आणि गुडघ्यावर बसले. लोक हसले. प्राध्यापक धावून धावून दमले, पण त्यांना ‘माझा’ म्हणायची सवय नव्हती. साहेब कपडे झटकत उठले आणि उगीच रॅकेटच्या तारा चाचपू लागले. अभिमनने दुसरीकडे बघितलं. जिंकत असताना माणसाला इतकं ओशाळं वाटू शकतं हे त्याला माहीत नव्हतं.

तिसऱ्या सेटमध्ये अभिमन आणि चुडामण पाच–दोन पुढे गेले. मग सामन्यातला शेवटचा गुण राहिला. तो मिळाला की कागद मिळाला. कलेक्टर येऊन बसले होते, टेबलावर प्रमाणपत्रं मांडून वर पेपरवेट ठेवलेले होते. चेंडू चारदा इकडून तिकडे गेला आणि अभिमनकडे आला, कमरेएवढा, सावकाश. कुठे मारायचा याचा विचार करायची गरज नव्हती. त्याने रॅकेट खालून आणली आणि चेंडू वर चढवला. फार सुंदर चढला. बावीस वर्षांत त्याच्या हातून इतका नेमका चेंडू गेला नसेल. तो साहेबांच्या डाव्या खांद्यावरून जाऊ लागला, साहेब तोंड वर करून उभे राहिले, एकटेच, आणि अभिमनच्या तोंडून खणखणीत आवाजात निघून गेलं,

‘माझा, साहेब!’

नुसता ओरडलाच नाही, दोन पावलं जाळीकडे धावलाही. आवाज ऐकून मागे धावत सुटलेले प्राध्यापक मध्येच थांबले. चेंडू रेषेच्या आत पडला.

उंच खुर्चीवर बसलेले पंच निवृत्त हेडमास्तर होते आणि त्यांनी नियम मन लावून वाचलेले होते. चेंडू समोरच्याकडे जात असताना ओरडून त्याला अडथळा आणला, तर गुण समोरच्याचा. त्यांनी तो साहेबांना दिला. कुंपणाबाहेर हशा उसळला, कलेक्टरही हसले. चुडामण हसला नाही. तो अभिमनकडे बघत राहिला आणि मग पाठ फिरवून आपल्या जागी गेला.

एका गुणाने सामना जात नाही. अजून पाच–दोनच होते. पण अभिमनचे हात गेले. चेंडू उंच टाकायची वेळ आली की ओठ घट्ट मिटायचे, आणि ओठ मिटण्याकडे लक्ष गेलं की चेंडू जाळीत जायचा. तिसरा सेट पाच–सात गेला, आणि सामनाही गेला.

जाळीशी हात मिळवताना राजोपाध्ये साहेब घामाने निथळत होते आणि खुशीत होते. ‘मॅचमध्ये डोकं थंड ठेवावं लागतं बरं का, अभिमन,’ ते मायेने म्हणाले. ‘माझीही आज तारांबळच उडाली. ते उंच चेंडू काय झालं कुणास ठाऊक. जळगावला असताना मला हा त्रास कधीच नव्हता. तिथली हवा मानवत होती.’

‘हो साहेब,’ अभिमन म्हणाला.

एसटी स्टँडवर चुडामणने चहा आणला. दोघांनी तो उभ्यानेच घेतला. कप परत देताना चुडामण म्हणाला, ‘जाऊ द्या भाऊ,’ आणि पुढे कधी त्याने हा विषय काढला नाही. अभिमनला त्याचा हा चांगुलपणा सहन होत नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी दारातच द्रौपदाबाईने विचारलं, ‘कागद भेटना का?’ त्याने नकारार्थी मान हलवली. तिने आत जाऊन ताट वाढलं. जेवताना ती म्हणाली, की साहेब ओळखीचे आहेत, दिलदार आहेत असं तुम्हीच सांगता, तर मग त्यांच्याकडूनच एक कागद घ्या. अभिमनला लाज वाटली, पण बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याने पत्र टाकलं. आठव्या दिवशी साहेबांचं टाइप केलेलं, शिक्का मारलेलं पत्र आलं. ते घेऊन तो पुन्हा धुळ्याला गेला.

क्रीडांगणाच्या कचेरीत पितांबर नावाचे वयस्क कारकून होते. त्यांनी चष्मा लावून पत्र सावकाश वाचलं आणि एकेक ओळ मोठ्याने म्हटली. श्री. बाविस्कर यांना मी तीन वर्षे ओळखतो. अत्यंत सचोटीचे, वक्तशीर, निर्व्यसनी. कोर्टाची निगा त्यांच्याइतकी उत्तम राखणारा माणूस मी पाहिला नाही. माती, पाणी, रेषा यांची त्यांना उपजत जाण आहे. त्यांना योग्य काम मिळावे अशी मी मनापासून शिफारस करतो.

पितांबरनी कागद उलटून पाठीमागे बघितलं. मागे कोरा होता.

‘भाऊ,’ ते म्हणाले, ‘यात तुम्ही खेळता असं कुठंच लिहिलेलं नाही.’

अभिमनने पत्र हातात घेतलं आणि स्वतः वाचलं. खरंच नव्हतं. साहेबांनी टाळलं होतं असं नाही. मनात काही ठेवणारा माणूसच नव्हता तो. त्यांना जे दिसलं ते त्यांनी भरभरून लिहिलं होतं. तीन वर्षं अभिमन त्यांच्या मागून धावत होता, आणि काम इतकं चोख केलं होतं की साहेबांना ते दिसलंच नव्हतं. अभिमनला राग आला, पण तो कुणावर काढावा हे समजेना. त्याने पत्राची घडी घातली.

पितांबर भला माणूस होता. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, पाणी मागवलं आणि म्हणाले, ‘मार्गदर्शकाचं काही या कागदावर जमायचं नाही. पण मैदान कामगाराची एक जागा आहे. ती पण कायम, पेन्शनसुद्धा आहे. त्याला हा कागद म्हणजे सोन्यासारखा. बघा, पटतं का.’

अभिमनने घरचा विचार केला, गुडघ्यांचा केला. फार वेळ लागला नाही. पितांबरनी दाखवलं तिथे त्याने सही केली.

मार्गदर्शक म्हणून नाशिकचा एक तरुण आला, पंचविशीतला, सभ्य. त्याच्याजवळ प्रमाणपत्रांची एक फाइलच होती. खेळायचा ठीक. मनगट जरा कडक होतं, ते कुणीतरी सांगितलं असतं तर सुटलं असतं. अभिमन सकाळी कोर्ट तयार करायचा आणि दुपारी खोलीवर जायचा. द्रौपदाबाई आता धुळ्यात रुळली होती.

नव्वदच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मुंबईहून कुणी मोठे अधिकारी आले. तिघे जमले, चौथा येईना. पाहुण्यांसाठी त्या दिवशी मागे थांबलेला अभिमन पलीकडच्या कोर्टावर रेषा ओढत होता. मार्गदर्शक त्याच्याकडे आला.

‘अभिमनभाऊ, एक अडचण आहे. तुम्हाला रॅकेट धरता येते का? नुसतं उभं राहायचं आहे. बाकी आम्ही सांभाळून घेऊ.’

अभिमनने हाताला लागलेला चुना धोतराला पुसला. पलीकडे ते अधिकारी हातातली रॅकेट फिरवत उभे होते. ते उजवा पाय जपून टाकत होते, हे त्याला इथूनही दिसत होतं.

‘नाही, सर,’ तो म्हणाला. ‘मला खेळता येत नाही.’

बावीस वर्षांत आणि त्यानंतरच्या सव्वा वर्षात कोर्टावर बोलावणाऱ्या माणसाला त्याने पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. खोटं बोलल्याचं त्याला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं, की सरांनी ते लगेच खरं मानलं.